एक गाणे, अनेक बोली: समूहगानात उच्चार कसे जुळवावेत

बोलीचा हेल गाण्यात फारसा टिकत नाही. वाक्याचा चढउतार चाल ठरवते आणि अक्षरांची लांबी ताल ठरवतो. त्यामुळे कोल्हापूर, नागपूर आणि सिंधुदुर्गातली माणसे एकच ओळ गाऊ लागली की बोलताना जाणवणारा बराचसा फरक आपोआप गळून पडतो. उरतो तो स्वरांचा रंग आणि व्यंजनाच्या वेळी जीभ नेमकी कुठे टेकते हा फरक. एकट्या गायकाच्या तोंडी तो गोडही वाटतो. पण तीस जण एकाच मात्रेवर ‘माझा’ तीन तऱ्हांनी म्हणाले तर श्रोत्याला आवाज भरपूर ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाही.

म्हणून नव्या वृंदाने ‘शुद्ध उच्चार’ हे ध्येय ठेवूच नये. ध्येय ‘ठरलेला उच्चार’ हे असावे. प्रत्येक अडचणीच्या ध्वनीसाठी एक निर्णय घ्यायचा, तो गाण्याच्या प्रतीवर लिहायचा आणि सगळ्यांनी तो पाळायचा. कोणाची बोली सुधारण्याचा हा कार्यक्रम नाही. तालमीबाहेर ज्याने त्याने आपल्या बोलीत खुशाल बोलावे.

पायरी १: आधी गाणे कोणत्या मराठीत आहे ते पाहा

गाणे प्रमाण मराठीतले आहे, संतरचना आहे, की बोलीतलेच आहे? तिन्हींचे नियम वेगळे आहेत. भावगीत किंवा समरगीत बहुधा प्रमाण भाषेत असते आणि तिथे ‘पानी’ खटकते. बोलीतल्या लोकगीतात मात्र ‘पानी’ लिहिले असेल तर ‘पाणी’ म्हणणे हीच चूक.

संतरचनांच्या जुन्या छापील प्रतींत ‘आतां’, ‘केलें’ असे अनुस्वार दिसतात. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार गाळले, पण जुनी पुस्तके आणि त्यांवरून उतरवलेल्या प्रती अजून वापरात आहेत. नवखा गायक लिहिलेले पाहून नाकात गातो, शेजारचा गात नाही. निर्णय एकदाच घ्या. आमच्या मते हे अनुस्वार मोठ्या वृंदात न उच्चारणेच बरे, कारण पंचवीस नाकांतून निघालेला ‘एं’ सूर जड करतो आणि खाली ओढतो.

पायरी २: कोण काय म्हणते ते टिपून घ्या

सुटे शब्द वाचायला दिले की माणूस सावध होतो आणि शाळेतला उच्चार काढतो. वाक्ये द्या, तीही एकदा वाचून मग न बघता बोलायला सांगा. ही पाच वाक्ये पुरतात:

‘जरा चांगला चारा आण.’
‘माझी शाळा उंच टेकडीवर आहे.’
‘डोळ्यांत पाणी आले.’
‘वीस वेळा देवाला सांगितले.’
‘एक घोडा ओढ्यापलीकडे गेला.’

एका माणसाला साधारण पंधरा सेकंद लागतात, म्हणजे तीस जणांचे ध्वनिमुद्रण आठ मिनिटांच्या आत होते. फोन तोंडापासून हातभर लांब ठेवा. घरी ऐकताना नावांपुढे फक्त खुणा करा: च-ज-झ, ळ, ण, श, सुरुवातीचा ‘व’, ‘ए-ओ’. ही यादी संचालकाकडेच राहू द्या. ती भिंतीवर लागली की लोक तोंड मिटून गाऊ लागतात.

ऐकताना साधारण काय सापडेल? वऱ्हाडी आणि अहिराणी वळणात ‘डोळा’चा ‘डोया’, आगरी वळणात ‘डोला’. बऱ्याच ग्रामीण बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘शाळा’ची ‘साळा’. ‘वीस’ आणि ‘वेळ’ यांचे ‘ईस’ आणि ‘येळ’. सातारा-कोल्हापूरकडच्या ग्रामीण बोलीत ‘देवा’चा ‘द्येवा’ आणि ‘घोडा’चा ‘घ्वाडा’. मालवणी वळणात ‘माझा’तला महाप्राण, म्हणजे ‘ह’सारखा श्वास, सुटून ‘माजा’ ऐकू येतो. हे ठोकताळे आहेत. एकाच गावातले दोघे वेगळे बोलतात आणि शिक्षण, वय, घरची भाषा यांनीही फरक पडतो. म्हणून गाव विचारून अंदाज बांधू नका, मुद्रण ऐका.

पायरी ३: च, ज, झ

मराठी वृंदात सर्वांत जास्त गोंधळ याच तीन अक्षरांचा होतो, कारण लिपी एकच आणि उच्चार दोन. ‘चार’ आकड्यातला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हटलेला, आहे, ‘चारा’तला दंततालव्य, म्हणजे ‘त्स’कडे झुकणारा. ‘जरा’ म्हणजे थोडे, यात दंततालव्य ज. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, यात तालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतही हाच फरक आहे.

सोपा नियम असा. पुढे इ, ई, ए किंवा य आला की उच्चार तालव्य: माझी, माझ्या, उंची, जीव. मूळच्या मराठी शब्दांत अ, आ, उ, ऊ, ओ पुढे असेल तर बहुधा दंततालव्य: माझा, उंच, चूक, चोर, चांदणे, आज. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य: चंद्र, चरण, पूजा, ध्वज. फारसीकडून आलेले ‘जमीन’ आणि ‘बाजार’ मराठीत दंततालव्यच बोलतात. ‘चार’ आणि ‘चहा’ हे नियमात न बसणारे शब्द सरळ पाठ करावेत.

या नियमाचा एक फटका गाण्यात हटकून बसतो. प्रतीवर ‘माझे’ लिहिलेले असते तेव्हा झ तालव्य. गाताना कोणी बोलण्यातल्यासारखे ‘माझं’ म्हटले की झ दंततालव्य होतो. म्हणजे एका शेवटच्या स्वराबरोबर आधीचे व्यंजनही बदलते. अर्धा वृंद ‘माझे’ आणि अर्धा ‘माझं’ गात असेल तर दोन्ही ठिकाणी फाटते. ‘केले-केलं’, ‘गाणे-गाणं’ याबाबतही एकच पर्याय निवडा. कवीने लिहिलेला ‘ए’ यमकात असेल तर त्याला हात लावू नका.

हिंदी, किंवा हिंदीच्या शेजारची मराठी, बोलत वाढलेले गायक सगळीकडे तालव्य उच्चार करतात. फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून गायल्या जाणाऱ्या गीताच्या ध्रुवपदातच ‘माझा’ येतो. शाळांमध्ये ते ऐकताना हा दुभंग सहज सापडेल. दंततालव्य ध्वनीची सळसळ वरच्या पट्टीत असते, ढोबळमानाने ४००० हर्ट्झच्या पुढे. तालव्याची बरीच खालून सुरू होते. दोन्ही एकदम आले की कान एकही नीट पकडत नाही.

शिकवायची पद्धत: जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी ठेवून ‘त्स’ म्हणायला सांगा, मग तो आखडून ‘चारा’. ‘ज’साठी ‘द्झ’पासून सुरुवात करा. तालव्यासाठी टोक मोकळे सोडून जिभेचा मधला भाग टाळूला लावायचा. प्रतीवर दंततालव्य अक्षराखाली नुक्ता द्या: च़, ज़, झ़. पेन्सिलीने एका गाण्याला दहा मिनिटे लागतात आणि पुढची कितीतरी भांडणे वाचतात.

पायरी ४: ळ आणि ण

ळ म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते आणि झटकन पुढे येते. ज्यांच्या बोलीत त्याचा ‘य’ होतो त्यांची जीभ वर लागतच नाही. ज्यांच्या बोलीत ‘ल’ होतो त्यांची लागते, पण पुढे. म्हणून दोघांना एकच व्यायाम देऊन भागत नाही. पहिल्यांना ‘आडा, आडा, आळा’ असे घ्या, कारण ड साठी जीभ योग्य जागी आपोआप जाते. दुसऱ्यांना ‘काला-काळा’, ‘गोल-गोळ’ अशा जोड्या द्या आणि टोक बोटभर मागे न्यायला सांगा.

जमायला लागले की उलटी चूक होते: लोक ळ वर थांबतात. ळ हा झटक्याचा ध्वनी आहे, तो लांबवता येत नाही. लांबवला की घशात अडकल्यासारखा वाटतो. ‘काळा’ चार मात्रांचा असेल तर तीन मात्रा ‘का’चा आकार धरा आणि ळ चौथ्या मात्रेवर ‘ळा’ म्हणूनच येऊ द्या.

ण साठी ‘ट’च्या जागी जीभ ठेवून नाकातून आवाज सोडायचा. ‘मन-मण’ ही जोडी पुरेशी आहे. इथे अतिशुद्धतेपासून सांभाळा. ‘पानी’ सुधारलेला गायक दोन तालमींनंतर ‘मण’ आणि ‘वण’ म्हणू लागतो, तसेच स-श बाबत ‘समाज’चा ‘शमाज’ होतो. त्याला पुन्हा टोकण्यापेक्षा प्रतीवर फक्त खऱ्या ण खाली रेघ मारून द्या.

पायरी ५: स्वर

व्यंजन क्षणभराचे असते. सूर स्वरावरच उभा राहतो, म्हणून वृंदाचा एकजीवपणाही स्वरांवरच ठरतो. नव्या संचालकांचा बहुतेक वेळ ळ आणि ण मध्ये जातो. तो वेळ इकडे वळवावा.

सर्वांत दुर्लक्षित स्वर म्हणजे अ. लांब सुरावर गायक जबडा सैल सोडतात आणि अ चा आ होतो: ‘मन’ची ‘मान’, ‘दर’चे ‘दार’, ‘घर’ची ‘घार’. शब्दच बदलतो. आ साठी वरच्या-खालच्या दातांत उभी दोन बोटे मावतील इतके अंतर ठेवा, अ साठी एक. सगळ्यांनी एकदा खरेच बोट लावून पाहावे. हसू येते, पण माप लक्षात राहते.

‘ए’चा ‘ये’ आणि ‘ओ’चा ‘वो’ होतो तेव्हा मात्रेवर आधी य किंवा व पडतो आणि स्वर उशिरा येतो. ताल मागे खेचल्यासारखा वाटतो आणि दोष तबलजीला लागतो. ‘एक’, ‘ओठ’ अशा शब्दांआधी तोंडाचा आकार मात्रेपूर्वीच करून ठेवायला सांगा. ‘द्येवा’, ‘क्येलं’ यांसाठी ‘दे’ एकाच सुरावर आठ मात्रा धरायला लावा आणि ध्वनिमुद्रणातल्या पहिल्या मात्रेकडे लक्ष द्या.

ऐ आणि औ हे मराठीत जोडस्वर आहेत, अ+इ आणि अ+उ. लांब सुरावर अ धरा, इ किंवा उ अगदी शेवटी. एकाने लवकर वळण घेतले तरी सगळा सूर डळमळतो, म्हणून वळायची मात्रा आकड्याने लिहा.

उंच सुरांवर मात्र बोलीवरून वाद घालू नका. स्त्रियांच्या वृंदात काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा) षड्ज, म्हणजे सा, धरला तर तार षड्ज, म्हणजे वरचा सा, सुमारे ४१५ हर्ट्झला येतो. ई आणि ऊ ओळखू येण्यासाठी तोंडातला जो सर्वांत खालचा अनुनाद लागतो तो साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान असतो. सूर त्याच्या वर गेला की कोणाचाही ई तितका स्पष्ट येत नाही, आणि आवळून गायला तर कर्कश होतो. तिथे सगळ्यांनी जबडा सारखाच थोडा उघडावा आणि शब्द कळण्याचे काम आसपासच्या व्यंजनांवर सोडावे.

पायरी ६: शेवटचा अ, अनुस्वार आणि जोडाक्षरे

बोलताना ‘देव’ म्हणजे ‘देव्’. पण अक्षरगणवृत्तात प्रत्येक अक्षर मोजलेले असते. भुजंगप्रयातात एका चरणाची बारा अक्षरे आहेत, तिथे शेवटचा अ खाल्ला तर चाल एका जागी मोकळी पडते. अभंग-ओवीतही चालीप्रमाणे तो पूर्ण म्हणावा लागतो. भावगीतात बहुधा नाही. प्रतीवर दोनच खुणा ठेवा: बंद करायचे असेल तर हलन्त, लांबवायचे असेल तर अवग्रह (ऽ).

अनुस्वारापुढे क ते म यांपैकी व्यंजन असेल तर प्रश्न येत नाही, ‘गंगा’ आणि ‘चंदन’ सगळे सारखेच म्हणतात. पुढे श, स, ह, र आले की फाटे फुटतात. मराठी वळण ‘संसार’ला ‘सौंसार’, ‘सिंह’ला ‘सिंव्ह’ असे नाकातल्या व कडे झुकवते. हिंदीच्या सवयीचे गायक ‘सन्सार’ म्हणतात. मराठी गाण्यात पहिले घ्या, पण ‘औ’ इतका ठळक करू नका की ‘सौ’ वेगळा ऐकू येईल.

ज्ञ (मराठीत ‘द्न्य’, हिंदीत ‘ग्य’) आणि ऋ (मराठीत ‘रु’, हिंदीत ‘रि’) यांचा निकाल एका मिनिटात लावा. संस्कृत स्तोत्रांतही महाराष्ट्रात मराठी वळण चालते. वृंदात दोन्ही प्रांतांचे लोक असतील तर आधी सांगून ठेवा.

पायरी ७: व्यंजन कधी पडायचे

उच्चार एक असूनही वेळ चुकली तर परिणाम बोलीच्या फरकासारखाच वाटतो. नियम एकच: मात्रेवर स्वर यावा, व्यंजन त्याच्या आधी. मिनिटाला ८० मात्रांची लय असेल तर एक मात्रा पाऊण सेकंदाची. ‘सूर’मधला स साधारण सेकंदाचा दहावा भाग घेतो, म्हणून तो तेवढा आधी सुरू व्हायला हवा.

ओळीच्या शेवटचा स किंवा श मोठ्या वृंदात सापाच्या फुत्कारासारखा लांबतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे शेवटचा स फक्त चार-पाच जणांनी म्हणायचा, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचे. श्रोत्यांना काही कमी वाटत नाही.

पायरी ८: तालमीचा क्रम

नव्या गाण्याचे पहिले वीस मिनिटे चाल वापरूच नका. आधी संचालकाने ओळ सावकाश वाचायची, वृंदाने तशीच म्हणायची. मग तीच ओळ ठेक्यात. मग तानपुऱ्याच्या षड्जावर, सगळे शब्द एकाच सुरात. इथे स्वरांतले फरक लख्ख ऐकू येतात, कारण चालीचा पडदा नसतो. शेवटी चालीसह, निम्म्या लयीत. चाल आधी शिकवली तर उच्चार चालीला चिकटून बसतात आणि मग सोडवायला दुप्पट वेळ लागतो.

बसवताना पक्क्या उच्चाराचा गायक नवख्याच्या मागच्या रांगेत ठेवा. माणूस समोरच्यापेक्षा मागून कानावर येणारा आवाज लवकर उचलतो. एकाच बोलीच्या सगळ्यांना एकत्र बसवले तर ते एकमेकांना दुजोरा देत राहतात. एकाला उभे करून चुकलेला शब्द पाच वेळा म्हणायला लावू नका, ती रांगच म्हणायला घ्या. आणि ‘तू नुसते ओठ हलव’ असे तर कधीच सांगू नये. तो गायक पुढच्या तालमीला येणार नाही, आणि त्याचा आ कदाचित सर्वांत चांगला असेल.

तपासणी दुरून करा. संचालकाच्या जागेवरून पहिल्या रांगेचेच उच्चार ऐकू येतात. फोन आठ-दहा मीटरवर ठेवून मुद्रण करा, गाणे माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा आणि त्याला शब्द लिहून काढायला सांगा. जिथे तो अडखळेल तिथेच काम करायचे. बाकीचे उच्चार वेगवेगळे असले तरी चालते.

बोलीतले गाणे आणि परभाषेतले गाणे

वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी गाणे घेतले की पारडे फिरते. आता प्रमाण मराठीवाले नवखे ठरतात आणि त्यांच्या हातून बोलीचे सोंग होते: दिसेल त्या ळ चा य, दिसेल तिथे हेल. ती बोली घरात बोलणाऱ्या वृंदातल्या गायकाला त्या गाण्यापुरते उच्चार ठरवायचा पूर्ण अधिकार द्या. त्याच्या आवाजात ओळी मुद्रित करून सगळ्यांना पाठवा. लिहिलेल्या प्रतीवर विसंबू नका. मालवणीतला नाकातला स्वर किंवा ‘माजो’तला शेवटचा ओ किती बंद आहे हे देवनागरीत कळत नाही.

हिंदी गाण्यात मराठी वृंदाचे दोन दोष ओळखीचे आहेत. ‘चाँद’मध्ये दंततालव्य च शिरतो, तिथे तालव्य हवा. ‘ज़रा’तला ज़ आपण जीभ टेकवून ‘द्झ’ म्हणतो, तो जीभ न टेकवता नुसत्या सळसळीने म्हणायचा असतो. ‘ज़िंदगी’त उलट, पुढे इ आल्यामुळे आपली जीभ तालव्याकडे पळते.

इंग्रजी गाण्यात लांब सुरावर शब्दाअखेरचा र गाळायचा की वळवायचा, हे आधी ठरवा. गाळला तर स्वर स्वच्छ राहतो. लॅटिनमध्ये ‘सी’ या अक्षरापुढे इ किंवा ए आला तर रोमन पद्धतीत ‘च’ आणि जर्मन पद्धतीत ‘त्स’ म्हणतात. तिथल्या वृंदांनाही रचनेप्रमाणे यांतला एक निवडावा लागतो. मराठी गायकाला दोन्ही ध्वनी जन्मापासून येतात, त्यामुळे कोणता हवा एवढे लिहून दिले की काम झाले.

कार्यक्रमाच्या ठिकाणी माइक असतील तर आवाज-तपासणीत ‘चांदणे’, ‘संसार’, ‘आकाश’ असे शब्द असलेली ओळ गाऊन घ्या. माइक जवळ असला की च़ आणि स टोचतात. रांगेपासून माइक साधारण दीड मीटर मागे घ्यावा आणि तरीही टोचत असेल तर ध्वनितंत्रज्ञाला वरच्या पट्टीचा आवाज थोडा कमी करायला सांगावे. गायकांना आयत्या वेळी ‘स हळू म्हणा’ अशी सूचना देऊ नये, त्याने पुढचा स्वरही दबतो.